बालवर्गातील ईस्टर : हातांनी घ्यावयाचे शिक्षण

(बालवाडी, अंगणवाडी व खासगी बालवर्ग यांतील शिक्षिकांपुढे गोव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या खात्याचे काम प्रसिद्धीचे. शिक्षणशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. तरीही बालवर्गांविषयी बोलण्याचे धाडस मी आज करीत आहे, याचे कारण एवढेच की, स्नेहसंमेलने, प्रदर्शने आणि पारितोषिक समारंभ यांच्या निमित्ताने इतके बालवर्ग माझ्या पाहण्यात आले आहेत की त्यांविषयी काही मत बनल्यावाचून राहिले नाही. मार्च महिन्यात कॅथलिक संस्थेच्या बालवर्गात पाऊल टाकावे, तर भिंतीवर कापसाच्या शेपटीचे वीस ससे ओळीने बसलेले दिसतात. विसांचेही कान सारखे, विसांचेही डोळे सारखे. मूल चार वर्षांचे असते. कात्री मात्र पंचवीस वर्षांच्या हाताने चाललेली असते, हे पाहणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येते. बरे, हा ससा तरी आपला आहे काय? तो जर्मन लोकरूढीतून जगभर पसरला. चर्चच्या उपासनेत त्याला स्थान नाही आणि गोव्याच्या पास्काच्या सणाशी त्याचा सुतराम संबंध नाही.

सशावर माझा राग नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ईस्टरच्या निमित्ताने मुलाच्या हाताला खरे काम मिळते काय, आणि ते पुरे करण्याची मोकळीक त्याला मिळते काय? या प्रश्नाचा विचार कॅथलिक बालवर्गाच्या उदाहरणाने करू. आपल्यापैकी पुष्कळजणी सरकारी बालवाड्यांतून आलेल्या आहेत. त्यांनाही त्यातून घेण्यासारखे बरेच आहे, असे मला वाटते.

प्रथम सणाविषयी थोडे सांगतो. येशू ख्रिस्ताला क्रुसावर मृत्यू आला आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, या श्रद्धेचा हा सण. मराठी वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती मराठी ओवीत सांगितली, आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली आपल्या रायतूर येथेच छापले गेले. सणाची तारीख दरवर्षी बदलते, कारण ती चंद्रावर अवलंबून आहे : २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून २०२४ साली होळीपाठोपाठ ३१ मार्चला ईस्टर आला, तर २०२५ साली हनुमान जयंती होऊन गेल्यावर २० एप्रिलला. हे गणित मुलांना सांगण्याची गरज नाही. पण चंद्र वाढतो आहे, पुरा झाला की रविवार येणार आहे, एवढे त्यांना आकाशाकडे बोट दाखवून सांगता येते. आणि पंचांग पाहणाऱ्या आजीच्या घरातील मुलाला ते चटकन कळते.

सणापूर्वी उपवासकाळ असतो. भस्म बुधवारी तो सुरू होतो. मधले सहा रविवार वगळले की त्याचे चाळीस दिवस भरतात. शिक्षिकेच्या दृष्टीने या सणाचे मोठे वैशिष्ट्य हेच. आपले बहुतेक सण बालवर्गात एका दिवसात उरकले जातात : सकाळी पोशाख, दुपारी खाऊ, संध्याकाळी छायाचित्र. येथे सहा-साडेसहा आठवडे वाट पाहावयाची असते, आणि वाट पाहणे ही चार वर्षांच्या मुलास सर्वांत कठीण जाणारी गोष्ट आहे. ती शब्दांनी शिकविता येत नाही. हातात काही दिले तरच ती साधते.

याचा विचार युरोपात शंभर वर्षांपूर्वी झाला. डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु त्यांनी पुढे बार्सिलोना येथे धर्मशिक्षणासाठीही हीच पद्धती वापरली, हे फारसे सांगितले जात नाही. तेथे मुलांनी गहू पेरला, द्राक्षवेलींची निगा राखली, आणि उपासनेत लागणारी भाकर व द्राक्षारस कोठून येतात हे आपल्या हातांनी जाणून घेतले. पुढे १९५४ साली रोममध्येच सोफिया काव्हालेत्ती या हिब्रू भाषेच्या विदुषींकडे सात वर्षांच्या एका मुलाला धर्माचे धडे घेण्यासाठी आणण्यात आले. दोन तासांनी धडा संपला तेव्हा घरी जावे लागणार म्हणून त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. काव्हालेत्तीबाईंना याचे नवल वाटले. माँटेसरी पद्धतीच्या शिक्षिका जान्ना गोब्बी यांना बरोबर घेऊन त्यांनी पुढची अनेक दशके मुलांचे निरीक्षण केले. लहान मूल कोणत्या साहित्याकडे आपण होऊन पुन्हा पुन्हा वळते, हे त्या पाहत. ज्याकडे मूल वळत नाही, ते साहित्य कितीही देखणे असले तरी बाजूला ठेवीत. प्रदर्शनासाठी साहित्य जमविणाऱ्यांनी ही कसोटी अवश्य ध्यानात घ्यावी.

आता प्रत्यक्ष उपक्रमांकडे वळू.

भस्म बुधवारसाठी लागणारी राख कोठून येते? गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या पाती घराघरांत जपून ठेवलेल्या असतात. त्या वाळलेल्या पाती जाळून ही राख होते. मुलांना आपापल्या घरून एकेक पात आणावयास सांगावी. शिक्षिकेने त्यातील एखादी पात मातीच्या कुंडीत, मुलांना अंतरावर बसवून, जाळून दाखवावी. पिवळी पात काळी होते, काळ्याची करडी भुकटी होते. ती निवाल्यावर बोटांनी चोळून पाहता येते, कागदावर तिने रेघ ओढता येते. सहा आठवड्यांनी याच वर्गात हिरवी पात येईल. आपल्याकडे माड दारातच असतो. झावळीची, म्हणजे आपल्या चुडताची, पात कशी दुमडावी, तिचा क्रूस कसा विणावा, उरलेल्या पातीची पिपाणी वा भिंगरी कशी करावी, हे गावातील एखाद्या पाडेलीकडून शिकावे. बाजारातून रंगीत कागद आणण्यापेक्षा एका पाडेल्याला वर्गात बोलाविणे कितीतरी मोलाचे होईल.

चाळीस दिवस मोजण्यासाठी चाळीस चिंचोके पुरतात. एका करवंटीत ते सर्व ठेवावेत आणि रविवार सोडून रोज एक चिंचोका एका मुलाने दुसऱ्या करवंटीत टाकावा. शनिवारी शाळेस सुट्टी असली तर सोमवारी किती टाकावयाचे, हा हिशेब मुलांनाच करू द्यावा. दहा झाले की त्यांची एक ओळ मांडावी. महिनाभरात मुले न घोकता दहाच्या चार ओळी ओळखू लागतील, आणि किती उरले हे विचारण्यासाठी तुमच्या पदराला ओढणार नाहीत. स्वतः करवंटीत डोकावतील. तीन वर्षांच्या आतील मुले वर्गात असतील तर मात्र चिंचोके उंचावर ठेवावेत. नाकात बी घालणारे एखादे मूल प्रत्येक वर्गात असतेच.

याच काळात काही बालवर्गांत 'आलेलुया' हा आनंदाचा उद्गार कागदावर रंगवून पेटीत बंद करतात, कारण उपवासकाळात तो चर्चमध्येही गायिला जात नाही. ईस्टरला पेटी उघडली जाते. गोष्ट साधी आहे, पण एखादा शब्दसुद्धा न उच्चारता राखून ठेवता येतो, हे मुलांना फार गमतीचे वाटते. जांभळे कापड जाऊन पांढरे येते, हा बदलही असाच डोळ्यांनी शिकावयाचा.

आवाजाचा एक पाठ मला विशेष आवडतो. पवित्र गुरुवारच्या उपासनेपासून चर्चमधील घंटा मुकी होते, आणि ईस्टरच्या रात्रीपर्यंत तिच्या जागी लाकडी खटखट्या वाजवितात. पोर्तुगीज भाषेत त्याला मात्राका म्हणतात. वर्गात पितळेची लहान घंटा आणि लाकडाचे दोन तुकडे ठेवावेत. मुलांनी डोळे मिटून कोणता आवाज कशाचा ते ओळखावे, आणि घंटेचा नाद पुरता विरेपर्यंत हात वर धरावा. गलबला करणारा वर्ग त्या वेळी किती शांत होतो, हे करून पाहावे.

बियांच्या उपक्रमाबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे. मातीत गाडला गेल्यावाचून गव्हाच्या दाण्यातून पीक येत नाही, असा दृष्टान्त ख्रिस्ताने आपल्या मृत्यूविषयी दिल्याचे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. तेव्हा बी पेरणे हा उपक्रम ईस्टरला बाहेरून चिकटविलेला नाही. तो त्या कथेच्या गाभ्यातील आहे. आपल्या हिंदू भगिनींना तर तो शिकवावयासच नको. नवरात्रात आपण रुजवण घालतो, तीच ही रीत. प्रत्येक मुलास अर्धी करवंटी द्यावी, तिला खाली भोक पाडलेले असावे. माती मुलानेच भरावी, सांडली तर त्यानेच गोळा करावी. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवून पेरावी. ईस्टरला हिरवे कोंब हवे असतील तर दहा-बारा दिवस आधी पेरणी करावी. आपल्याकडील उन्हात त्याहून आधी पेरलेले पिवळे पडते. सोबत काचेच्या एका बरणीत टिपकागदाला चिकटवून अळसांद्याचे चार-पाच दाणे ठेवावेत. मातीखाली काय चालले आहे, ते या बरणीत दिसते : दाणा फुगतो, साल फाटते, आधी मूळ खाली उतरते आणि मग कोंब वर येतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बी मरत नाही, ते सुप्त असते, हे शिक्षिकेला माहीत असावे. मुलांपुढे दृष्टान्त आणि विज्ञान यांची सरमिसळ करू नये. 'दाणा होता तसा राहिला नाही' एवढेच म्हणावे. ते दोन्ही दृष्टींनी खरे आहे.

आता अडचणीचा भाग. काही करवंट्यांत काहीच उगवत नाही. पालक येणार असतात, प्रदर्शन असते, आणि आदल्या संध्याकाळी शिक्षिका हळूच रिकामी करवंटी काढून तेथे दुसरी हिरवी करवंटी ठेवते. हेतू प्रेमाचाच असतो. पण मूल आपली करवंटी ओळखते. तिच्या कडेचा टवका त्याच्या बोटांना पाठ झालेला असतो. त्याला त्या दिवशी कळते की, आपल्या हातून जे झाले नाही ते बाई करून ठेवतात, आणि त्याबद्दल बोलावयाचे नसते. मग कापसाच्या सशात आणि या करवंटीत काय फरक राहिला? अशा मुलास शेजारच्या मुलाबरोबर पुन्हा पेरू द्यावे. त्याचे कोंब ईस्टरनंतर आठ दिवसांनी आले तरी चालतील. चर्चच्या पंचांगात ईस्टर हा एक दिवस नसून पन्नास दिवसांचा काळ आहे. त्या मुलाला उशीर झालेला नाही, हे शिक्षिकेने पालकांना निःसंकोच सांगावे.

पवित्र गुरुवारी ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले, याची आठवण चर्चमध्ये पाय धुऊन केली जाते. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी या विधीत स्त्रियांनाही स्थान दिले. वर्गात तांब्या, परात आणि पंचा एवढ्यावर भागते. पाणी न सांडता ओतणे, पंचा पिळणे, बोटांच्या बेचक्या पुसणे ही कामे मुलाच्या मनगटाला वळण लावतात. माझी सूचना अशी की, शिक्षिकेने प्रथम वर्गाच्या मदतनीस बाईंचे पाय धुवावेत आणि मग मुलांनी एकमेकांचे. वर्षभर ज्या बाई मुलांचे सर्व काही पुसतात, त्यांना त्या दिवशी खुर्चीवर बसलेले मुलांनी पाहावे.

त्याच दिवशी कणकेचे दोन गोळे मळावेत, एक खमीर घातलेला व एक बिनखमिराचा. दुपारपर्यंत एक फुगतो, दुसरा तसाच राहतो. शेवटच्या भोजनातील भाकर बिनखमिराची होती. खमिराचा दृष्टान्तही शुभवर्तमानात आहेच. पोदेराचा पाव रोज खाणाऱ्या मुलांना यात अधिक सांगावे लागत नाही.

ईस्टरच्या रात्री चर्चमध्ये नवा अग्नी पेटवून त्यावर मोठी पास्का मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या वर्षाचे आकडे असतात आणि धुपाचे पाच खडे क्रूसाच्या आकारात बसविलेले असतात. बालवर्गात जाड मेणबत्ती घेऊन धुपाऐवजी पाच लवंगा मुलांकडून टोचून घ्याव्यात. लवंग तीन बोटांत धरून मेणात रोवण्यास जी पकड लागते, तीच पुढे पेन्सिलीला लागते. लेखन लवकर यावे म्हणून चार वर्षांच्या मुलांकडून पाटी भरून अक्षरे गिरवून घेणाऱ्यांनी हे पाहावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ व कृती यांवर भर दिला आहे, तो याच कारणासाठी. मग मोठ्या मेणबत्तीवरून शिक्षिकेच्या हाताने प्रत्येकाची लहान मेणबत्ती लावावी. केस बांधलेले, ओढण्या आवरलेल्या, शेजारी पाण्याची बादली, आणि एका वेळी एकच मूल. काव्हालेत्तीबाईंचा अनुभव असा की, लहान मुलांना या प्रकाशाची ओढ असते.

येथे मृत्यूचा प्रश्न येतो, आणि तो टाळता येणार नाही. चार वर्षांच्या मुलापुढे क्रूसाची कथा कशी मांडावी? काही ठिकाणी खिळे, रक्त, काटे यांची वर्णने रंगवून सांगितली जातात. इतर ठिकाणी घाबरून सर्व कथाच गाळली जाते आणि केवळ अंडी व ससे उरतात. दोन्ही चूक, असे मला नम्रपणे वाटते. काव्हालेत्तींच्या परंपरेतील नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो : सहा वर्षांखालील मुलांना मृत्यू सांगावयाचा तर त्याच बैठकीत पुनरुत्थानही सांगावयाचे, मुलाला शुक्रवारी सोडून घरी पाठवावयाचे नाही. यरुशलेम नगरीचा लहान नमुना मातीत करावा, भोजनाची खोली, टेकडी, कबर या जागा बोटाने दाखवाव्यात, आणि शेवटी दिवा लावूनच उठावे. पापाचा हिशेब, कोणी मारले, का मारले, हे मोठ्या वयासाठी राखून ठेवावे. या वयाच्या मुलाला मेंढपाळ आपल्या प्रत्येक मेंढराला नावाने हाक मारतो ही गोष्ट कळते, आणि तेवढ्याने त्याचे समाधान होते.

ज्या घरात नुकतेच आजोबा वारले आहेत, ते मूल विचारील : मग आजोबा कधी उठणार? अशा वेळी उत्तर घाईने देऊ नये. आजोबा परत येतील असे भासविणे म्हणजे मुलाला दाराशी वाट पाहत बसविणे होय. ते आता येणार नाहीत, आपल्याला त्यांची आठवण येते, आणि ते देवापाशी आहेत असे तुझे आईवडील मानतात, असे सरळ सांगावे; आणि त्या संध्याकाळी आईशी बोलावे.

गोव्यातील कॅथलिक बालवर्गांत हिंदू आणि मुसलमान घरांतील मुलेही पुष्कळ असतात. येथे दक्षता हवी. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतील धर्मशिक्षणात वा उपासनेत भाग घेण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते, असे भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देताच येत नाही. म्हणून बी, कणीक, आवाज, चिंचोके हे सर्वांचे. प्रार्थना व उपासना ज्यांच्या घरची, त्यांची. उपवासकाळाच्या आरंभी पालकांना बोलावून काय करणार आहोत हे दाखवावे, आणि ज्यांना नको असेल त्यांच्या मुलाला त्या वेळी कोपऱ्यात रिकामे न बसविता दुसरे हातातले काम द्यावे. संमती कागदावर घेणे सोपे आहे. वेगळे बसलेल्या मुलाला वेगळे न वाटू देणे हे शिक्षिकेचे खरे कसब आहे.

अंड्यांचेही तसेच. पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, म्हणून ईस्टरला ती साचत आणि रंगवून वाटली जात. कांद्याच्या सालींत व माडाच्या व्हिनेगरमध्ये उकडल्यास अंड्यांना तांबूस रंग येतो, हळदीने पिवळा येतो. पण शाकाहारी घरातील मुलाच्या हातात अंडे देऊन आईला संकटात टाकू नये. नदीतील गुळगुळीत गोटे त्याच रंगांनी रंगविता येत नसले तरी गेरू आणि चुन्याने छान रंगतात.

बालवाडीच्या ज्या शिक्षिका म्हणतील की हे सर्व मोठ्या शाळांना परवडते, त्यांना मी ताराबाई मोडकांची आठवण देतो. १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे यांतून साहित्य उभे केले, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव आज देशभर चालते, ते तेथलेच. वर सांगितलेल्या यादीत विकत घ्यावयाची वस्तू एक मेणबत्ती आणि मूठभर लवंगा. बाकी सर्व परसात आहे.

२०२७ साली भस्म बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. म्हणजे पेरणी मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आरंभी करावी लागेल. पाती घरून आणण्याचा निरोप जानेवारीअखेर द्यावा, नाहीतर त्या झाडलोटीत जातात. करवंट्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसोबत घरी पाठवाव्यात. बरणीतील अळसांद्याचे रोप मात्र शाळेच्या कुंपणाशी लावावे आणि जूनपर्यंत त्याला पाणी घालण्याचे काम शेजारच्या एखाद्या घराकडे सोपवावे.